झाकणे आणि राखणे

विक्रम संवत १६९८, म्हणजेच इसवी सन १६४१. मोगल तख्तावर शाहजहान होता आणि आग्ऱ्याच्या बाजारात जवाहिराचा व कापडाचा व्यापार भरात होता. त्या बाजारात आयुष्य घालवलेल्या एका जैन व्यापाऱ्याने वयाच्या ५५ व्या वर्षी आपल्या आजवरच्या जीवनाचा हिशेब पद्यात लिहून काढला. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरले तर हा निम्म्या आयुष्याचा हिशेब, म्हणून त्याने ग्रंथाला नाव दिले ‘अर्धकथानक’. हे व्यापारी म्हणजे ‘समयसार नाटक’ या ग्रंथाचे कर्ते कविवर बनारसीदास. ६७५ छंदांचा हा छोटा ग्रंथ हिंदीतील पहिले आत्मचरित्र मानला जातो.

ग्रंथाच्या अखेरीस बनारसीदासांनी आपल्या गुणांची यादी दिली आहे. आत्मचरित्रात ती असायचीच. परंतु त्यामागोमाग त्यांनी दोषांचीही यादी दिली, आणि ती वाचताना आजचा वाचकही थबकतो. क्रोध, मान आणि माया आपल्या ठायी फार टिकत नाहीत. मात्र लक्ष्मीचा मोह मोठा आहे, असे ते लिहितात. थोडा नफा झाला की हर्ष फार होतो, थोडे नुकसान झाले की चिंता फार लागते. जप, तप, संयम यांची रीत अंगी बाणलेली नाही. दानपूजेची म्हणावी तशी गोडी नाही. खोटी गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह होतो. एकांत मिळाला की पाय नाचू लागतात. आणि अधूनमधून कारण नसताना मनाला अकस्मात भय ग्रासते.

ज्याला समाजात मान आहे, ज्याच्याभोवती अध्यात्मचर्चेसाठी मंडळी जमतात, अशा माणसाने हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवावे, याचे आश्चर्य वाटते. बाजारात पत राखणे म्हणजे काय, हे जवाहिऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? तरीही बनारसीदासांनी आपली वही उघडी ठेवली. ते धैर्य त्यांना एका दिवसात आले नाही. त्यामागे झाकण्याच्या अनेक खटपटी होत्या, आणि त्या खटपटींची हकीकतही त्यांनीच नोंदवून ठेवली आहे.

चिलखताचे चार पदर

स्वतःला जपणे ही प्राणिमात्राची सहज वृत्ती आहे. जैन शास्त्राने आहार, भय, मैथुन आणि परिग्रह अशा चार संज्ञा सांगितल्या, त्यांत भयसंज्ञेला दुसरे स्थान आहे. लाजाळूच्या पानाला स्पर्श झाला की ते मिटते. लहान मूलही वडिलांचा आवाज चढलेला ऐकून पहिले खोटे बोलते. तेवढ्यापुरते त्याला त्या खोट्याचे संरक्षण मिळते. अडचण पुढे सुरू होते. भीतीचे कारण केव्हाच सरून जाते, वडील वृद्ध होतात, मूल पन्नाशीला येते. तरी मिटण्याची सवय तशीच राहते. बुडालेले येणे वर्षानुवर्षे ताळेबंदात ‘येणे’ म्हणूनच दाखवावे आणि त्यावर दरसाल व्याजही आकारीत राहावे, तसा हा प्रकार आहे. कागदावर रक्कम फुगत जाते, हाती काही येत नाही, आणि खरी स्थिती पाहण्याचे धैर्य दरसाल कमी होत जाते.

चार कषायांकडे या दृष्टीने पाहिले तर ते चिलखताच्या चार पदरांसारखे दिसतात. मुनीमाने हिशेबातील चूक दाखवली आणि शेठजींचा आवाज चढला, तर तो क्रोध चुकीवर पांघरूण घालण्यासाठी धावून आलेला असतो. त्याचा परिणाम इतकाच होतो की पुढच्या वेळी मुनीम चूक दाखवीत नाही. उत्सवात बोली लागते आणि ऐपतीबाहेरचा आकडा तोंडातून निघून जातो. तेथे भक्तीच्या आडून मान उभा असतो. धंद्यात मंदी आहे का, असे मुलाने विचारले आणि उत्तर मिळाले, ‘सगळे ठीक आहे, तू तुझा अभ्यास कर’. ती माया प्रेमाच्या वेषात येते. आणि ‘अडीअडचणीला असावे’ म्हणून सुरू झालेली साठवण कोठे थांबावी हे ज्याला उमगत नाही, त्याच्या लोभाच्या मुळाशीही बहुधा भीतीच असते.

ही भीती कोणती, याचाही विचार पूर्वसूरींनी केला आहे. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांनी भयाचे सात प्रकार मोजले. दोन्ही याद्यांत थोडा फरक आहे. पण या लोकीचे भय, परलोकाचे भय, अकस्मात भय आणि मरणभय दोहोंत आहे. श्वेतांबर यादीत अपयशाचे, म्हणजे अपकीर्तीचे भय स्वतंत्र सांगितले आहे. दिगंबर यादीत अत्राण आणि अगुप्ती अशी दोन भये येतात: आपल्याला कोणी तारणहार नाही ही भीती, आणि आपल्याभोवती आडोसा नाही, आपण उघडे पडू ही भीती. व्यापारी घरांत या शेवटच्या भीतीचा वावर फार असतो. तिला तेथे ‘लोक काय म्हणतील’ असे सोपे नाव आहे.

या भीतीची किंमत घरादाराला मोजावी लागते. धंद्यात दोन-तीन वर्षे खोट येत असते. गृहस्थ रोज वेळेवर दुकानी जातो, सणासुदीला नेहमीसारखा खर्च करतो, जुने देणे फेडण्यासाठी नवे घेतो आणि घरात कोणास कळू देत नाही. एके दिवशी बँकेची नोटीस दारात येते आणि पत्नीला व मुलांना सारी हकीकत एकदमच कळते. क्वचित एखाद्या घरी त्याहूनही भयंकर बातमी येते. त्यानंतर आप्तेष्ट हळहळतात की एक शब्द बोलला असता तर चार जण उभे राहिले असते. ज्या घराला जपण्यासाठी सारे झाकले, तेच घर उघड्यावर पडते.

भयाने मिटलेले शहर

बनारसीदासांचा जन्म जौनपूरचा, श्रीमाळ कुळातला. वडील खडगसेन जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. मुलगा हुशार, परंतु तरुणपणी व्यापारापेक्षा काव्य आणि प्रेमरंग यांत रमणारा. पुढे एका संन्याशाने त्याला सांगितले की अमुक मंत्र वर्षभर गुप्तपणे जपला तर रोज सकाळी दारात एक सोन्याचा दिनार सापडेल. तरुण बनारसीने तो मंत्र वर्षभर चोरून जपला. वर्ष भरले, दार उघडले, दिनार नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. कष्ट आणि जोखीम टाळून सुरक्षित होण्याची ही इच्छा आजही अनेक रूपांत बाजारात फिरते. झटपट दामदुपटीच्या योजना तिच्यावरच चालतात.

इसवी सन १६०५ मध्ये अकबर बादशहाचे निधन झाले. ती वार्ता जौनपुरास पोहोचली तेव्हा १९ वर्षांचे बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताक्षणी ते घाबरून कोसळले, डोके फुटले, रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. शहरभर हीच अवस्था होती. लोकांनी दारे लावून घेतली, दुकाने ओस पडली, दागिने आणि रोकड जमिनीत पुरली गेली. श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे अंगावर घेतली, जेणेकरून गरीब आणि श्रीमंत ओळखू येऊ नयेत. दहाएक दिवसांनी आग्ऱ्याहून पत्र आले की जहांगीर गादीवर बसला आहे आणि सर्व शांत आहे. मग दारे उघडली.

या प्रसंगात झाकण्याचे एक निरोगी रूप दिसते. संकट होते, लोकांनी आडोसा घेतला. संकट टळले, लोक बाहेर आले. भरड वस्त्रे दहा दिवसांसाठी होती. ज्याच्या अंगावरून ती वस्त्रे पुढे कधी उतरतच नाहीत, त्याने आत्मपरीक्षण करण्याची वेळ आली असे समजावे.

याच काळात बनारसीदासांनी शृंगाराने भरलेली हजारभर छंदांची आपली पोथी मित्रांदेखत गोमती नदीच्या पात्रात भिरकावली. एक खोटे बोलणाराही पापाचा धनी होतो, मग इतकी कल्पित वर्णने लिहिणाऱ्याचे काय, असा विचार त्यांच्या मनात आला. मित्र हळहळले, वडील आनंदले, समाजाने कौतुक केले, आणि तरुण बनारसी नित्यनेमाने धर्माचरण करू लागले. एखाद्या सामान्य चरित्रकाराने कथा येथेच संपवली असती. बनारसीदासांनी ती संपवली नाही, कारण पोथी बुडाली तरी मिटण्याची सवय बुडाली नव्हती.

कचोरीचे चौदा रुपये

पुढे वडिलांनी त्यांच्या हाती जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्ऱ्यास व्यापारासाठी पाठवले. तेथे त्यांचा जम बसला नाही. काही माल तोट्यात विकला गेला, काही रत्ने निष्काळजीपणाने हरवली, उरलेले खाण्यात संपले. दिवसा बाजारात जाण्याची लाज वाटू लागली. रात्री ते ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये वाचून दाखवीत, दहा-वीस श्रोते जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून ते रोज उधारीवर कचोऱ्या घेत.

एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात गाठून खरे सांगितले: उधारी फार झाली आहे, आपल्याजवळ काही नाही, यापुढे देऊ नये. कचोरीवाल्याने उत्तर दिले की वीस रुपयांपर्यंत खुशाल खावे, कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिन्यांनंतर हिशेब केला तेव्हा देणे चौदा रुपये निघाले, आणि ते त्यांनी हप्त्यांनी फेडले. ज्या माणसाला सगळ्या बाजारापासून तोंड लपवावेसे वाटत होते, त्याची पत एका कचोरीवाल्याजवळ टिकली. आणि ती टिकली ती त्याने आपली कंगाल अवस्था सांगितल्यामुळे. धनको ऋणकोचा तोटा समजून घेऊ शकतो. तोटा लपवला गेल्याचे कळले की मात्र तो पुढचे सारे शब्द खोटे धरतो. पेढी असो वा बँक, हा नियम चारशे वर्षांत बदललेला नाही.

असाच दुसरा प्रसंग खैराबादचा. ते पत्नीच्या माहेरी गेले असता तिने आग्ऱ्याच्या व्यापाराची चौकशी केली. पहिल्यांदा त्यांनी बनवून काहीतरी सांगितले. तिने ते ओळखले. मग त्यांनी खरे सांगितले की मिळवले ते पोटातच गेले. तिने त्यांना दोष दिला नाही. आपल्याजवळ जपून ठेवलेले वीस रुपये तिने पतीच्या हाती ठेवले, आणि पुढे आपल्या आईला विश्वासात घेतले. आईने जावयासाठी गुपचूप दोनशे रुपये दिले. घरातील बाईला त्रास नको म्हणून तिच्यापासून झाकणाऱ्या पुरुषांनी हा प्रसंग आवर्जून लक्षात ठेवावा. बहुतेक वेळा तिला आधीच सारे कळलेले असते. ती फक्त सांगण्याची वाट पाहत असते.

अध्यात्माचे चिलखत

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो धर्मप्रेमी माणसालाच अधिक लागू पडतो. संवत १६८० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १६२३ मध्ये, अर्थमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने बनारसीदासांना आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसार’ ग्रंथावरील राजमल्लांची टीका वाचावयास दिली. आत्मा स्वभावतः शुद्ध आहे, तो कर्ता-भोक्ता नसून ज्ञाता-द्रष्टा आहे, हे वाचून ते भारावले. परंतु ग्रंथाचा सांधा न कळल्याने त्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला. आत्मा शुद्धच आहे तर सामायिक कशाला, प्रतिक्रमण कशाला, व्रतनियम कशाला? त्यांनी क्रिया सोडल्या. तीन मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे उतरवून ‘आपण मुनी झालो’ असे म्हणत ते फिरत. लोक हसू लागले, नावे ठेवू लागले. आपण त्या काळात ना इकडचे राहिलो ना तिकडचे, अशी कबुली त्यांनी पुढे दिली.

बारा वर्षे ही अवस्था होती. या काळात त्यांच्या घरावर आघातांमागून आघात झाले होते. तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली, त्यांतील एकही जगले नाही. अशा माणसाला ‘मी सुखदुःखाचा भोक्ता नाही’ हे वाक्य किती आधाराचे वाटले असेल, याची कल्पना करता येते. बनारसीदासांनी स्वतः असा संबंध जोडलेला नाही; परंतु दुःखाने पोळलेला माणूस तत्त्वज्ञानाच्या थंड ओसरीत जाऊन बसतो, हे नित्य दिसते. ‘सारा पुद्गलाचा खेळ आहे’ असे म्हणून रडणे टाळता येते. ‘कर्माचा उदय होता’ असे म्हणून माफी मागणे टाळता येते. ‘मी कोणाच्या अध्यात-मध्यात नाही’ असे म्हणून भावाशी बोलणे टाळता येते. ही वाक्ये खोटी नाहीत. त्यांचा उपयोग मात्र आडोशासारखा होतो. क्रोधाचे आणि मानाचे चिलखत दुसऱ्याला तरी दिसते. अध्यात्माचे चिलखत घातलेल्याला लोक नमस्कार करतात, म्हणून ते उतरवणे सर्वांत अवघड जाते.

संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंद आग्ऱ्यास आले आणि त्यांनी आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसार’ ग्रंथावर प्रवचने केली. त्यात गुणस्थानांचा विचार होता. जीव कोणत्या पायरीवर आहे, त्या पायरीवर कोणते कषाय उरलेले असतात आणि तेथे कोणती क्रिया उचित असते, याचा तो तपशीलवार हिशेब आहे. बनारसीदासांच्या डोळ्यांवरील पडदा दूर झाला. आत्म्याचा स्वभाव शुद्ध आहे हे खरे; पण आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हेही तितकेच खरे. एक सत्य दुसऱ्याला खोडण्यासाठी वापरता येत नाही. पुढच्याच वर्षी, इसवी सन १६३६ मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले. त्यात सात भयांचेही विवेचन आहे.

पाहणारा आणि पाहिलेले

या पार्श्वभूमीवर ‘अर्धकथानक’मधील दोषांची यादी पुन्हा वाचावी. शास्त्रात क्रोधाच्या चार प्रतींना चार रेघांची उपमा दिली आहे: दगडावरची, मातीवरची, वाळूवरची आणि पाण्यावरची. बनारसीदासांनी आपले क्रोध, मान आणि माया पाण्यावरच्या रेघेच्या प्रतीत टाकले आणि लोभाला त्या यादीतून वेगळे काढून मोठा म्हटले. येथे आत्मनिंदेचा सोसही नाही आणि सारवासारवही नाही. अनुभवी तपासनिसाने प्रत्येक खाते तपासून त्याची प्रतवारी करावी, तसे हे काम आहे. जे खाते खराब, ते खराब म्हणून दाखवले. जे चांगले, त्यावर उगाच काट मारली नाही.

बारा वर्षांपूर्वीही ते म्हणत होते की दोष हा आत्म्याचा स्वभाव नाही. आताही त्यांचा तोच सिद्धांत होता. फरक नोंदीत पडला. पूर्वी ‘मी शुद्ध आहे’ असे म्हणून दोषाची नोंदच केली जात नव्हती. आता दोष नोंदला गेला, ‘आज तो माझ्या ठायी आहे’ हे मान्य झाले, आणि मग कळले की ज्याला तो दिसतो तो त्या दोषाहून निराळा आहे. लोभाला लोभ म्हणून पाहणारा, भयाला भय म्हणून ओळखणारा जो आत बसला आहे, त्यालाच शास्त्र ज्ञाता-द्रष्टा म्हणते. स्वभाव आणि विभाव यांतील हे अंतर अनुभवाला येणे म्हणजे भेदविज्ञानाची सुरुवात. चिलखत उतरवले तर आत काहीच उरणार नाही, अशी भीती प्रत्येकाला असते. बनारसीदासांचा अनुभव सांगतो की चिलखत उतरवल्यावर पाहणारा उरतो, आणि त्याला कशाचेही झाकण लागत नाही.

रोजची चार नोंदींची वही

गृहस्थासाठी या कामाची व्यवस्था जैन परंपरेने फार पूर्वीच करून ठेवली आहे. सहा आवश्यकांत सामायिक आहे आणि प्रतिक्रमणही आहे. सामायिकाचा काळ दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे: जेथे आपले स्थान सोडून भरकटलो, तेथून परत येणे. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चातुर्मासाचे आणि वर्षाचे असे त्याचे पाच प्रकार आहेत. पेढीवर रोजमेळ रोज लिहिला जातो, खतावणी ठरलेल्या वेळी होते आणि वर्षअखेरीस ताळेबंद निघतो. वर्षभर रोजमेळ न लिहिता दिवाळीच्या दिवशी ताळेबंद काढणारा व्यापारी जसा फसेल, तसाच वर्षभर मागे वळून न पाहता फक्त संवत्सरीच्या दिवशी क्षमा मागणाराही फसतो.

सूत्रे मुखोद्गत असूनही मन कोरडे राहते, अशी तक्रार अनेक जण करतात. त्यांनी सामायिकाच्या अखेरची दहा मिनिटे चार नोंदींसाठी राखून ठेवावीत. पहिली नोंद: आज कोणत्या क्षणी आवाज चढला, विषय बदलला गेला, किंवा हसून वेळ मारून नेली गेली? दुसरी: त्या क्षणी सात भयांपैकी कोणते भय मनात होते? तिसरी: त्या बचावाची किंमत कोणी मोजली? मुलाने, पत्नीने, धाकट्या भावाने, की नोकराने? चौथी: उद्या कोणाला, कोणत्या शब्दांत, काय सांगायचे आहे? पहिल्या तीन नोंदी आलोचनेच्या आहेत, चौथी प्रत्याख्यानाच्या वाटेवरची. चौथी लिहिली नाही तर पहिल्या तीन नोंदींचाही पुढे एक नवा आडोसा बनतो. माणूस स्वतःच्या दोषांचे सुरेख वर्णन करू लागतो आणि बदलत मात्र नाही.

शेकडो ओळखीच्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चा संदेश एका क्षणात धाडता येतो. ज्याच्याशी वाटणीवरून बोलणे बंद आहे त्याच्या दारी जाऊन तेच शब्द उच्चारायला मात्र कित्येकांना कित्येक वर्षे लागतात. चौथी नोंद त्या दाराची असते.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उघडे होणे म्हणजे चव्हाट्यावर येणे नव्हे. इतकी मोकळी वही लिहिणाऱ्या बनारसीदासांनीही जगात गुप्त ठेवाव्यात अशा नऊ गोष्टी सांगितल्या आहेत आणि आपण ठळक तेवढेच सांगत आहोत असे स्पष्ट केले आहे. व्यापाराचे रहस्य, दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, घरातील नाजूक बाबी यांची मर्यादा राखावीच. आलोचना गुरूपाशी करावी, कबुली ज्याचे नुकसान झाले त्याच्यापाशी द्यावी, आणि हिशेब ज्यांना पुढे तो निभवायचा आहे त्या घरच्यांपुढे मांडावा. ज्याला सांगणे आपले कर्तव्य आहे त्याच्यापासून झाकणे ही माया. इतरांच्या बाबतीत ती मर्यादा. तत्त्वार्थसूत्राने व्रती हा निःशल्य असावा असे सांगितले आणि मायेला तीन शल्यांत गणले, त्याचे कारण हेच. शल्य म्हणजे आत मोडून राहिलेला काटा. वरून कातडी भरून येते, पण पाय टेकला की कळ उठते.

जैन परिभाषेत ‘गुप्ती’ हा शब्द येथे फार बोलका आहे. मनोगुप्ती, वचनगुप्ती आणि कायगुप्ती अशा तीन गुप्ती सांगितल्या आहेत. मराठीत गुप्त म्हणजे झाकलेले. पण मूळ धातूचा अर्थ आहे राखणे, रक्षण करणे. मन, वाणी आणि काया यांना आवर घालणे हेच आत्म्याचे खरे संरक्षण, असे शास्त्राने सांगितले. माणसाने मात्र राखण्याचा अर्थ झाकणे असा करून घेतला आणि नको ते झाकता झाकता राखायचे ते गमावले.

बनारसीदासांनी माणसांचे उत्तम, मध्यम आणि अधम असे तीन वर्ग सांगितले. दुसऱ्याचे दोष आणि स्वतःचे गुण सांगत फिरणारा त्यांच्या मते अधम. स्वतःला त्यांनी मध्यमांत बसवले. त्यांची वही तीनशे वर्षे हस्तलिखितांत राहिली. १९४३ साली पंडित नाथूराम प्रेमी यांनी ती मुंबईहून संपादित करून प्रसिद्ध केली. ११० वर्षांचा जमाखर्च धरून जिची निम्मी पाने लिहिली गेली, तिचा दुसरा भाग मात्र कधी लिहिला गेला नाही. ‘अर्धकथानक’ पूर्ण झाल्यावर दोनेक वर्षांतच त्यांचे देहावसान झाले असे मानतात. धरलेली शिल्लक हाती आली नाही. पण तोवरचा हिशेब चोख मांडून झालेला होता.